वैऱ्यांनी घडवलेल्या बाटल्या

शांपूची नवी बाटली बाजारात आली की तिच्या पाठोपाठ तिचं चरित्रही येतं. खांद्यांचा उतार पहाटेच्या दवबिंदूवरून सुचला, कंबरेचं वळण समुद्राच्या लाटेवरून घेतलं आणि झाकणात म्हणे आजच्या स्त्रीचा आत्मविश्वास सामावला आहे. हे वाचून माणूस आंघोळीला जातो आणि फिनेल नि कपड्यांच्या पावडरीमध्ये उभी असलेली ती लाट साबणाच्या हातातून निसटून त्याच्या पायाच्या अंगठ्यावर पडते. बाटल्या आणि खोकी घडवणाऱ्या मंडळींना प्रेरणेबद्दल बोलायला फार आवडतं. त्यांना दोष देता येत नाही. महिनोन्‌महिने खपून शेवटी झाकण दोन मिलिमीटरनं रुंद झालं, एवढंच हाती लागणार असेल तर माणूस काव्याचा आधार घेणारच. पण ज्या आकारांना लोक खरोखर ओळखतात, त्यांचा इतिहास चाळला तर प्रेरणा क्वचितच भेटते. भेटतो तो वैरी. कुणी कुरतडणारा, कुणी नक्कल करणारा, कुणी आतून ढुशा देणारा. चांगली बाटली भांडणातून जन्माला येते. वैरी जेवढा चिवट, तेवढी ती शहाणी निघते. आणि असा खमका वैरी जिथे उरलेला नाही तिथे कंपनी काय करते? ती घरातच वैरी शोधते. तो कोण, हे यथावकाश येईलच. वाचकानं उगाच मागे वळून पाहू नये.

उंदरापासून सुरुवात करणं न्याय्य ठरेल, कारण भारतीय पॅकेजिंगमधलं त्याचं योगदान आजवर उपेक्षित राहिलं आहे. एके काळी खोबरेल तेल पत्र्याच्या डब्यातून विकलं जाई. पॅराशूटवाल्यांना ते प्लॅस्टिकच्या बाटलीत आणायचं होतं. बाटली पत्र्यापेक्षा स्वस्त, दिसायला उजवी, फळीवर मांडायला सोपी. पण दुकानदार ऐकेनात. पूर्वी कुणीतरी चौकोनी प्लॅस्टिकच्या बाटल्यांचा प्रयोग केला होता आणि दुकानातल्या उंदरांनी त्यांच्यावर ताव मारला होता. तेल गेलं ते गेलंच, वर खालच्या मालाचाही सत्यानाश. पॅराशूट बनवणाऱ्या मारिकोचे हर्ष मारीवाला यांनी ही हकिकत पुढे स्वतःच सांगितली आहे. मग कंपनीनं उंदराच्या जबड्याचा विचार केला. चौकोनी बाटलीला कोपरा असतो, कोपऱ्यावर दात रोवता येतात. गोल बाटलीवरून दात घसरतात. म्हणून बाटली गोल झाली, तेल बाहेर ओघळून वासानं आमंत्रण जाणार नाही याची काळजी घेतली गेली, आणि अशा बाटल्या उंदरांसोबत काही दिवस पिंजऱ्यात ठेवून त्या शाबूत राहिल्याचे फोटो दुकानदारांपुढे ठेवले गेले. बाजार-पाहणीची यापेक्षा प्रामाणिक पद्धत निघालेली नाही. माणसांना गोळा करून बाटली कशी वाटली असं विचारलं, तर ती चहा-बिस्किटं संपवून ‘छान आहे’ म्हणतात आणि घरी जातात. उंदीर भिडेखातर मत देत नाही.

एक वैरी हटला की दुसरा उभाच. खोबरेल थंडीत गोठतं आणि गोल बाटलीचं चिंचोळं तोंड उंदरासाठी कितीही अडचणीचं असलं तरी गोठलेल्या तेलासाठीही ते तितकंच अडचणीचं असतं. डिसेंबरात महाराष्ट्रातल्या खिडक्यांच्या कठड्यांवर निळ्या बाटल्या ऊन खात बसत, ज्यांना ऊन लाभत नसे त्या गरम पाण्याच्या तांब्यात उभ्या राहत, आणि ज्या घरात एवढाही वेळ नसे तिथे झाडूची काडी किंवा केसांचा आकडा आत घालून उत्खनन चाले. पुढे रुंद तोंडाची बरणी आली, तिच्यात बोट जाऊ लागलं. इथे दवबिंदूनं किंवा लाटेनं काही केलेलं नाही. एका आकारामागे कुरतडणारे दात आहेत, दुसऱ्यामागे उतरलेला पारा.

हे तेलातुपाच्या व्यवहारापुरतंच खरं आहे, जगप्रसिद्ध बाटल्यांची गोष्ट वेगळी, असं कुणाला वाटेल. त्यांनी कोकाकोलाची बाटली घ्यावी. तिच्यात कुणाला मे वेस्ट ही नटी दिसली, कुणाला त्या काळचा पावलं अडकवणारा घट्ट झगा दिसला. १९१५ साली अमेरिकेतल्या काच कारखान्यांना जी मागणी कळवली गेली तिच्यात मात्र नटीही नव्हती आणि झगाही नव्हता. बाटली अंधारात नुसत्या स्पर्शानं ओळखता यावी आणि फुटून जमिनीवर तुकडे पडलेले असले तरी ओळखू यावी, एवढंच म्हणणं होतं. ही रसिकाची भाषा नव्हे, ही पंचनाम्याची भाषा आहे. आणि मामला तसाच होता. कोका-नोला, टोका-कोला असल्या नावांच्या तोतयांनी बाजारात उच्छाद मांडला होता. सगळ्यांच्या बाटल्या सारख्याच सरळसोट, आणि लेबल बर्फाच्या पाण्यात भिजून सुटलं की साव कोण नि चोर कोण हे घशाखाली उतरल्यावरच कळायचं.

इंडियाना राज्यातल्या टेर होट गावच्या रूट ग्लास कंपनीनं हे आव्हान घेतलं. तिथली माणसं पेयाच्या नावातल्या वनस्पती शोधायला ग्रंथालयात गेली आणि विश्वकोशातून घेऊन आली ते कोकोच्या, म्हणजे चॉकलेटच्या, शेंगेचं चित्र. त्या पेयात कोको औषधालासुद्धा नाही. पण शेंग फुगीर होती, तिच्यावर छान उभ्या कडा होत्या आणि उन्हाळ्यासाठी भट्टी बंद व्हायची वेळ जवळ आली होती. अशा वेळी वनस्पतिशास्त्र आडवं आणून चालत नाही. अर्ल डीन यांनी आकृती काढली, साचा तयार केला. पहिली बाटली मधे इतकी पोटाळ होती की सरकत्या पट्ट्यावर तिचा तोल राहीना. मग पोट कमी केलं. ज्या कमनीयतेवर पुढे शंभर वर्षं लेख पडले ती अशी कोलमडण्याच्या भीतीतून आलेली आहे. पेटंट लागलं ते कारखान्यातले वरिष्ठ अलेक्झांडर सॅम्युअलसन यांच्या नावावर. पुढे कौतुक बरंचसं डिझायनर रेमंड लोवी यांच्याकडे गेलं, ज्यांनी चाळीस वर्षांनी, १९५५ च्या सुमारास, मोठ्या मापाच्या बाटल्यांवर काम केलं होतं. आणि डीन? त्यांना म्हणे पाचशे डॉलर किंवा कारखान्यात कायमची नोकरी यांतलं एक निवडायला सांगितलं गेलं आणि त्यांनी नोकरी निवडली. दादर ते डोंबिवली कुठल्याही घरात हा ठराव एकमतानं मंजूर झाला असता.

बाहेरचा वैरी परवडतो, निदान तो कुठून येणार हे माहीत असतं. फसफसणाऱ्या पेयाचा वैरी आत बसलेला असतो. हायरम कॉड या इंग्रज गृहस्थांनी १८७२ साली त्याच्याशी जो तह केला त्याला आपण गोटीसोडा म्हणतो. बाटली उलटी धरून भरायची. भरल्यावर आतला वायू काचेची गोटी तोंडातल्या रबरी कड्यावर दाबून धरतो. जो बाहेर पडायला धडपडतोय त्यालाच दारवान नेमलं. मानेला आत दोन चिमटे घेतलेले असतात. पिताना बाटली बरोबर धरली तर गोटी त्या चिमट्यांवर अडून राहते आणि उलटी धरली तर घरंगळत येऊन तोंड बंद करते. म्हणजे पिणाऱ्यालाही थोडी अक्कल असावी लागते. काच जाड, कारण आत दाब. जाड, म्हणून जड आणि मजबूत. आणि जड म्हणून मुंबईच्या जुन्या दंगलींच्या बातम्यांत दगडांच्या जोडीला सोडावॉटरच्या बाटल्याही हमखास असत. कॉडसाहेबांनी ही सोय बहुधा विचारात घेतली नसावी. इंग्लंडातल्या पोरांनी गोट्यांसाठी बाटल्या फोडल्या तो वेगळाच ताप.

हीच लढाई आज प्लॅस्टिकमध्ये चालू आहे आणि ती बघायला संग्रहालयात जावं लागत नाही, वाण्याकडे जाऊन दोन बाटल्या उलट्या केल्या की पुरे. कोल्ड्रिंकच्या बाटलीला खाली पाच पाय असतात, पाच पाकळ्यांसारखे. दाब सगळीकडे सारखा असतो, त्यामुळे तळ सपाट ठेवला तर तो फुगून गोल होतो आणि बाटली झुलत राहते. सुरुवातीला तळ सरळ अर्धगोलच ठेवत आणि त्याला खालून वेगळी प्लॅस्टिकची बैठक चिकटवत. पुढे साच्यातच पाय काढता आले आणि बैठक गेली. साध्या पाण्याच्या बाटलीत दाब नसतो, म्हणून तिला पायांची गरज नाही, पण प्लॅस्टिक इतकं पातळ की आडव्या वळ्या काढल्या नाहीत तर ती हातातच मान टाकेल. आंब्याचं पेय पाहा. ते बऱ्याचदा गरम भरतात. थंड झालं की आतलं आकारमान घटतं आणि बाटली आत खेचली जाते. म्हणून तिच्या अंगावर चौकोनी खोलगट तावदानं असतात, खेच आली की नेमकी तेवढीच आत जावीत म्हणून. ती तावदानं बोटं रोवायला केली आहेत असं सगळ्यांना वाटतं आणि कंपन्याही ते खोडून काढत नाहीत. वायूचा दाब पेलणारी पेट (PET) प्लॅस्टिकची बाटली पेटंट झाली १९७३ साली, ड्यूपाँट कंपनीतल्या नॅथॅनिएल वायेथ यांच्या नावावर. त्यांचे वडील नामांकित चित्रकार, धाकटा भाऊ अँड्र्यू वायेथ तर अमेरिकेतला मोठा चित्रकार. घराण्यात जगभर सर्वांत जास्त पाहिली गेलेली कलाकृती मात्र इंजिनिअर मुलाचीच. नाल्यात सुद्धा तिचं प्रदर्शन भरलेलं असतं.

वैऱ्यांच्या या यादीत सर्वांत हुशार वैरी साडेतीन-चार वर्षांचा आहे. औषधाच्या बाटलीचं दाबून फिरवायचं झाकण १९६७ साली कॅनडातल्या विंडसर गावचे डॉ. हेन्री ब्रो यांच्या पुढाकारानं निघालं, कारण मुलं गोळ्या-बिळ्या खाऊन दवाखान्यात येत होती. पुढे अमेरिकेनं अशा झाकणांच्या परीक्षेचा नियमच केला, आणि तो नियम विनोदी लेखकानं लिहिलेला नसून सरकारनं लिहिलेला आहे. लहान मुलांना बाटली देतात आणि उघड म्हणतात. पाच मिनिटांनी मोठं माणूस त्यांना उघडून दाखवतं. मग पुन्हा पाच मिनिटं, आणि या वेळी मुलांना आवर्जून सांगतात की हवं तर दात वापरा. एवढं करून शंभरातल्या किमान ऐंशींना जमता कामा नये. त्यानंतर पन्नास ते सत्तर वयाची माणसं बसवतात आणि त्यांतल्या शंभरातल्या नव्वदांना जमायला हवं. झाकणाचा सगळा आकार या दोन पिढ्यांच्या मधल्या अरुंद फटीत बसवलेला आहे. फट कधी कधी चुकते हे कबूल. संधिवाताचे आजोबा शेवटी बाटली नातवापुढे धरतात. पण झाकणामुळे मुलांच्या विषबाधा घटल्या, आणि संडास धुण्याच्या द्रवाच्या, मान वाकडी केलेल्या बाटलीमुळे कमोडच्या कडेखालचा, जगाच्या आरंभापासून कुणी न पाहिलेला प्रदेश स्वच्छ झाला. ती वाकडी मान १९८० च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर ड्यूरिंग यांनी काढली, तिला बदकाचं नाव मिळालं, आणि मग आपल्याकडच्या संडास-सफाईच्या निळ्या बाटलीसह कितीतरी माना तशाच वळल्या. सुंदर कुणी म्हणणार नाही. मात्र दुसरा कुठलाही आकार तिथे चालणार नाही, आणि आकाराला याहून मोठी पदवी द्यायची तर ती कुठली, हे मला सुचत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. अडचणीला वैरी म्हटलं की सगळंच वैर. मग लहर, कला, सौंदर्य यांना काहीच जागा नाही का? आहे की, अत्तराच्या दुकानात. अत्तर कुरतडलं जात नाही, फसफसत नाही, आणि गिऱ्हाईक किमतीकडे मुद्दामच पाहत नाही. अशा निर्वैर वातावरणात १९३७ साली फॅशनकार एल्सा स्कियापारेल्ली यांनी आपली अत्तराची बाटली बाईच्या धडाच्या आकाराची केली, आणि ती खरोखरच मे वेस्टच्या मापाच्या शिंप्याच्या पुतळ्यावरून घेतली. (या बाईंना बाटल्यांनी फार छळलं.) पुढे ज्याँ पॉल गोतिए या फॅशनकारांनीही धडं काढली, कुणी उंच टाचेच्या बुटात अत्तर भरलं. ही मजा आहे, मजेबद्दल तक्रार नाही. पण बुटातलं अत्तर संपल्यावर त्या बुटाचं काय करायचं हे अजून कुणाला कळलेलं नाही. लहरीतून जन्मलेली एक बाटली मात्र मला पाडता येत नाही. फ्रान्समधल्या वेर्झेझच्या झऱ्याचं पाणी विकणारे सेंट जॉन हार्म्सवर्थ हे इंग्रज गृहस्थ १९०६ साली मोटारीच्या अपघातात लुळे पडले आणि हातांच्या ताकदीसाठी मुद्गल फिरवू लागले. आपल्या तालमीत जोडी म्हणून जे फिरवतात त्याचाच साहेबी अवतार. इंग्रजांनी तो हिंदुस्थानातूनच नेला. हिरव्या पेरिये बाटलीचा निमुळता आकार त्या मुद्गलावरून आला असं सांगतात. म्हणजे पॅरिसच्या उंची हॉटेलात टेबलावर उभी असते ती आमची कोल्हापुरी तालीम. हा माझ्या सिद्धान्तातला अपवाद म्हणून मी मोठ्या मनानं मान्य करतो, आणि पाणी फसफसणारं असल्यानं चौकोनी बाटली तिथे चाललीच नसती हे हळूच जोडून देतो.

दुसरा आक्षेप सज्जनांचा असतो. वैर कशाला, चांगल्या हेतूनंही आकार घडू शकतो. घडतो, पण टिकत नाही. बीअरवाले आल्फ्रेड हाइनिकन क्युरासाव बेटावर गेले तेव्हा त्यांना दोन गोष्टी दिसल्या. समुद्रकिनारी रिकाम्या बाटल्यांचा खच होता आणि गरिबांना घरं बांधायला सामान नव्हतं. त्यांनी दोन्हींचा मेळ घातला. जॉन हाब्राकेन या वास्तुविशारदाकडून विटेसारखी रचता येणारी चौकोनी बाटली करून घेतली. एकीचं तोंड दुसरीच्या तळात बसेल अशी. १९६३ साली जवळजवळ एक लाख बाटल्या तयार झाल्या. त्यांतून उभी राहिली ती हाइनिकन यांच्या स्वतःच्या आवारातली एक खोपटीवजा खोली. गणित पाहा: घर उभं करायचं तर ढीगभर बाटल्या, आणि त्या आधी रिकाम्या करायला हव्यात. घर बांधून होईपर्यंत घरमालकाला दार सापडलं नसतं. हेतू उत्तम होता, पण ज्याच्यासाठी बाटली केली तो गरीब माणूस ना तिला कुरतडत होता, ना तिची नक्कल करत होता, ना ती विकत घेत होता.

आता तो घरातला वैरी. बाहेर कुणी झगडायला उरलं नाही की आकार गिऱ्हाइकाच्या डोळ्याशी झगडू लागतो. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं लहान मुलांसमोर एका बुटक्या ग्लासातलं पाणी उंच निमुळत्या ग्लासात ओतलं आणि विचारलं, आता जास्त कशात? मुलं उंच ग्लासाकडे बोट दाखवतात. मोठेपणी हा दोष जातो असं मानलं जातं. तो जात नाही, तो फक्त सुपरमार्केटमध्ये ढकलगाडी घेऊन फिरतो. १९९९ साली प्रिया रघुवीर आणि अराधना कृष्णा या दोन संशोधिकांनी दाखवून दिलं की उंच भांड्यात मोठ्यांनाही जास्त माल दिसतो. त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे त्यातून प्यायल्यावर मात्र थोडंच प्यायलो असं वाटतं. विकणाऱ्याच्या दृष्टीनं याहून सोन्यासारखं गिऱ्हाईक कुठलं? घेताना वाटतं पुष्कळ मिळालं, संपल्यावर वाटतं अजून हवं. क्रीमच्या डबीला दुहेरी भिंत असते आणि आतली वाटी बाहेरच्या डबीच्या मानानं बाळसं न धरलेली; बाटलीचा तळ आत घुमटासारखा वर येतो. काही ठिकाणी त्याला खरं कारण असतं. काही ठिकाणी कारण शोधून काढलेलं असतं.

२०१६ साली ब्रिटनमध्ये टोब्लेरोनवाल्यांनी हा खेळ जरा जास्तच मोकळेपणानं खेळून पाहिला. चॉकलेटचे त्रिकोणी डोंगर, खोकं तेच, लांबी तीच. फक्त डोंगरांमधल्या दऱ्या रुंद केल्या आणि ४०० ग्रॅमचं वजन ३६० वर आणलं. कोको महागला, असं कारण दिलं. लोक भडकले. वजन घटल्याचा राग होताच, पण त्याहून मोठा राग चोरी डोळ्यांदेखत झाल्याचा होता. बिस्किटाच्या पाच रुपयांच्या पुड्यातून दरवर्षी एखादं बिस्किट निघून जातं तेव्हा आपण हूं की चूं करत नाही, कारण उरलेली सगळी नेहमीसारखीच गोल असतात. दऱ्या मात्र मोजता येतात. दोन वर्षांत डोंगर परत जवळ आणावे लागले. इथे कंपनीची बाजूही मांडायला हवी. गिऱ्हाइकाला किंमत वाढलेली नको असते, नाणं पाचाचंच राहायला हवं, मग माल घटणार नाही तर काय होणार? मुद्दा पटण्यासारखा आहे. पुडीवाल्या शांपूनं गरिबाच्या घरात शांपू नेला तो या नाण्याच्या हिशेबानंच. चिक शांपूच्या सी. के. रंगनाथन यांनी १९८३ पासून तामिळनाडूत हेच केलं आणि त्यात फसवणूक नव्हती, पुडी उघड उघड एवढीशी होती. (ती ओल्या हातानं उघडत नाही आणि डोळ्यांत साबण असताना दातानं फाडावी लागते, हा वेगळा विषय.) पण पुडी छोटी आहे हे तिच्या आकारानं सांगितलं. टोब्लेरोनच्या खोक्यानं सांगितलं नाही. तक्रार कमी देण्याबद्दल नाहीच. जास्तीचा आव आणण्याबद्दल आहे.

बरं, वजन तर छापलेलं असतं, वाचावं गिऱ्हाइकानं, असाही एक युक्तिवाद असतो. भारतात आता निव्वळ वजनाबरोबर प्रतिग्रॅम, प्रतिमिलिलिटर दरही पाकिटावर येऊ लागला आहे. तो शोधून वाचेपर्यंत दुकान बंद व्हायची वेळ होते, हा भाग निराळा. या ‘वाचावं की’चा निकाल ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठानं १९९० मध्ये लावून टाकला आहे. प्रकरण एका प्लॅस्टिकच्या लिंबाचं होतं. एक कंपनी ‘जिफ’ या नावानं पिवळ्या लिंबाच्या आकाराच्या बाटलीत लिंबाचा रस विकायची. दुसऱ्या कंपनीनं तसंच लिंबू काढलं आणि म्हटलं, लिंबाचा आकार ही काय तुमची खासगी मालमत्ता आहे? लेबलं वेगळी आहेत, लोकांनी वाचावीत. पुराव्यात निघालं की लोक लेबल वाचतच नाहीत. लिंबू दिसलं की उचलतात. न्यायमूर्तींनी निकाल जिफच्या बाजूनं दिला. एकानं तो देताना आपली नाखुषी लपवली नाही, कारण लिंबाच्या आकाराची मक्तेदारी व्यवहारात एकाच कंपनीकडे गेली होती. पण गिऱ्हाईक अधिक सावध असतं तर फसलं नसतं हा काही बचाव नव्हे, हे तत्त्व पक्कं झालं. आपल्याकडे याच्या उलट प्रकरण झालं. खोबरेल तेलाची बाटली लहान असेल तर ते केसांचं तेल समजून त्यावर जास्त कर लावावा, असं अबकारी खात्याचं म्हणणं वर्षानुवर्षं चाललं. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की केवळ बाटली लहान म्हणून आतलं तेल डोक्यावरचं ठरत नाही. केरळात आणि दक्षिण कोकणात ज्यांच्या घरी एकाच बाटलीतून आधी फोडणी आणि मग वेणी होते, त्यांना हा प्रश्न इतकी वर्षं न्यायालयात का होता, हेच कळायचं नाही.

एवढ्या सगळ्यातून गिऱ्हाईक गप्प बसलं असेल असं समजणारा माणूस मराठी घरात राहिलेला नसणार. इथे प्रतिहल्ला बाटली रिकामी व्हायच्या जरा आधी सुरू होतो. शांपूत पाणी घालून हलवलं जातं आणि ती एकदा नाही, तीनदा शेवटची वापरली जाते. सॉसची बाटली फ्रिजच्या दारात उलटी उभी राहते. टूथपेस्टच्या नळ्या ॲल्युमिनियमच्या होत्या तोवर शेपटीकडून गुंडाळून, प्रसंगी लाटणं फिरवून, शेवटचा कण बाहेर काढता येई. प्लॅस्टिकच्या नळ्या आल्या, त्या दाबल्या की पुन्हा फुगून मूळ पदावर येतात, तेव्हा लाटण्याची जागा कात्रीनं घेतली. डालड्याच्या पिवळ्या डब्यानं तर तुळशीपासून टमरेलापर्यंत चारही आश्रम पाहिले. जॅमची बरणी मिरच्यांच्या लोणच्याला, परदेशी बिस्किटांचा निळा डबा सुईदोऱ्याला. त्यामुळे पाहुण्यानं तो डबा उघडून कधी बिस्किट पाहिलेलं नाही. गिऱ्हाइकाच्या या चिवटपणाची दखल शेवटी शास्त्रज्ञांनाही घ्यावी लागली. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये कृपा वाराणसी या प्राध्यापकांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी बाटलीच्या आतून असा निसरडा थर दिला की सॉस एक थेंबही मागे न ठेवता घसरत बाहेर येतो, आणि २०२१ साली कोलगेटनं युरोपात त्याच तंत्रानं पारदर्शक बाटलीतली टूथपेस्ट आणली. पेस्ट सगळी खाली उतरते, भिंतीला काही चिकटत नाही, बाटली आरपार दिसते. ही बाटली आपल्याकडे आली तर तिचं काय होणार याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ती रिकामी आहे हे सगळ्या घराला स्वच्छ दिसत असेल, आणि तरीही टाकून देण्याआधी कुणीतरी ती कापून बघेल.